गादी आधी की उंची?

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात जिम्नॅस्टिक्स शिकवायचं म्हटलं की पहिली गाठ पावसाशी. जूनपासून शाळेच्या पटांगणाचा रबरबाट होतो. सभागृह असलंच तर पत्र्यावर असा मारा असतो की शिकवणाऱ्याचं ‘एक-दोन’ दुसऱ्या रांगेलाही ऐकू जात नाही, आणि फोमच्या गादीत एकदा पाणी शिरलं की तिचा कुबट वास दिवाळीपर्यंत सोबत करतो. दोरीच्या मल्लखांबाचं तसं नाही. दोरी सोडली, गुंडाळली, खांद्यावर टाकून घरी नेली. इथल्या दोन माणसांचा वाद मी बऱ्याच वर्षांपासून ऐकतोय. त्यातलं एक दोरीच्या बाजूचं आहे, एक गादीच्या, आणि पावसाळ्यात दोरीवाल्याचा आवाज जरा चढतो.

दोरीवाले म्हणजे खोपोलीकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर. गादीवाली त्यांचीच एके काळची विद्यार्थिनी. त्यांच्याकडे दोरी शिकली, पुढे ठाण्याला जाऊन जिम्नॅस्टिक्स शिकली आणि आता कर्जतमध्ये संध्याकाळचा वर्ग घेते. मुलं तिला ताई म्हणतात, सर अजून ‘अगं’ म्हणतात. आमच्या इमारतीतल्या एका आईने मला विचारलं होतं, मुलगी आठ वर्षांची आहे, दिवसभर सोफ्यावरून उड्या मारते, पण चारचौघांत तोंड उघडत नाही, हिला कुठे घालू? मी प्रश्न आहे तसा दोघांपुढे ठेवला.

“दोरीवर घाला,” सर म्हणाले. “वर गेल्याशिवाय मूल स्वतःला ओळखत नाही. तुमच्या गादीवर शंभर कोलांट्या मारून धीटपणा येत नाही, गादीची सवय लागते. गादी काढली की धीटपणाही गेला.”

“सर, मला पहिल्या दिवशी किती उंच नेलं होतंत?”

“मला काय माहीत?”

“मला माहीत आहे. माझ्या कमरेइतकं. आणि पुढे कितीतरी दिवस वर जाऊच दिलं नाहीत. दोरी पायात धर आणि सावकाश खाली ये, एवढंच. मी रडले होते, कारण मला वर जायचं होतं.”

“तू हावरी होतीस,” सर म्हणाले. “हावऱ्या मुलाला खाली धरायचं आणि भित्र्याला वर ढकलायचं, एवढंच तर आमचं शास्त्र.”

“ढकलायचं?”

“बरं, चढवायचं.”

ही दुरुस्ती त्यांनी लगेच केली, पण ताईने ती सोडली नाही. तिचं म्हणणं असं की ढकललेलं मूल वर जातं खरं, पण त्याच्या डोक्यात राहतं ते ढकलणाऱ्याचं तोंड. आपण वर गेलो हे त्याला आठवत नाही, आपल्याला नेलं हे आठवतं. आणि ज्या दिवशी सर पटांगणावर नसतील त्या दिवशी ते मूल दोरीला हात लावत नाही. सरांचं उत्तर तयार होतं: गोविंदा. “सातव्या थरावर चढणाऱ्या पोराखाली कुठली गादी होती गं? खोपोलीत, कर्जतमध्ये, पेणला आमच्या डोळ्यांदेखत चढली ती पोरं. पुढे आयुष्यात कशाला भ्यायली नाहीत.”

“जी पडली त्यांना विचारलंत?”

सर गप्प झाले. २०१७पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना थरात घेता येत नाही, आणि २०२२मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देताना गोविंदांच्या विम्याची तरतूद केली, हे त्यांनाही ठाऊक होतं. एखाद्या खेळाबरोबर मृत्यूची भरपाई जाहीर करावी लागते तेव्हा त्या खेळाने मुलांना नेमकं काय शिकवलं, हा प्रश्न मी मनातच ठेवला. पण सरांची बाजू एवढ्यात संपत नाही. वरच्या पोराचा धीटपणा त्याचा एकट्याचा नसतो, खालच्या खांद्यांचा असतो, हे त्यांचं खरं म्हणणं होतं आणि ते ताईलाही पटतं. आपल्याला कोणीतरी धरून आहे, हे अंगाला कळलेलं मूल जास्त वर जातं. वाद आहे तो धरणारा हात कधी काढायचा याचा.

“तुझ्या वर्गात पहिल्या महिन्यात काय करतात?” सरांनी विचारलं. परीक्षकाच्या सुरात.

“पडतात.”

मग तिने करून दाखवलं. बाहेरच्या ओट्यावरच. मुलाचा मागे तोल गेला की ते आपोआप हात मागे टेकतं, कोपर ताठ ठेवून. अख्खं वजन त्या ताठ कोपरावर येतं. लहान मुलांची मनगटं आणि कोपरं मोडतात ती बहुतेक अशीच, मग ती जिम्नॅस्टिक्समध्ये असोत की पेरूच्या झाडाखाली. म्हणून पहिला धडा: हात छातीशी, हनुवटी गळ्याला, पाठ गोल, आणि बसून मागे लोळायचं. उकिडवं बसून आधी. मग अर्धं उभं राहून. मग उभ्याने. मग डोळे मिटून. डोळे मिटून करायला मुलं खूप हसतात, म्हणाली. हसत असताना पडणं शिकलेलं मूल पडण्याला पुन्हा तसं घाबरत नाही.

दुसरा धडा उडी मारून उतरण्याचा. एक फूट उंचीच्या ठोकळ्यावरून. चवडे आधी, मग टाचा, गुडघे वाकलेले पण आत वळलेले नाहीत, हात पुढे, नजर समोर. “मुलींचे गुडघे उतरताना एकमेकांकडे झुकतात. वाढीच्या वयात जास्तच. तेव्हाच ती खोड मोडली नाही, तर सोळाव्या-सतराव्या वर्षी गुडघ्यातलं लिगामेंट तुटून येतात पोरी, कबड्डीच्याही येतात.” आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज. उतरताना धप्प झालं की पुन्हा. मुलांना ती सांगत नाही की गुडघे किती अंशात वाकवा. ती सांगते, मला तू उतरल्याचं कळलं नाही पाहिजे. पोरं आपोआप वाकतात.

सर हे लक्ष देऊन पाहत होते. मग म्हणाले, “हे आम्ही मातीत करायचो. हौद्यात.”

“म्हणजे गादीच की, सर. मातीची.”

इथे मला मध्येच सांगितलं पाहिजे की मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स ही दोन वेगळी घरं आहेत असं सर ज्या ठामपणे बोलतात तितकी ती वेगळी नव्हती. मल्लखांब कुस्तीच्या आखाड्यातून आला. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नव्याने उभं केलं असं परंपरा सांगते, आणि त्याच्याही आधी बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो. पण आधुनिक स्पर्धेच्या मांडवात मल्लखांब पहिल्यांदा आला तो १९५८ साली, दिल्लीला, राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेच्याच बरोबरीने. त्याचा स्वतंत्र महासंघ १९८१चा. म्हणजे दोरी आणि बार बरीच वर्षं एकाच छपराखाली नांदले. सरांना ही माहिती आवडत नाही, पण ती खोटी आहे असंही ते म्हणत नाहीत.

“दोरीचं एक सांगतो,” ते म्हणाले. “जिम्नॅस्टिक्समध्ये उपकरण स्थिर असतं, मूल हलतं. दोरीवर दोघंही हलतात. गाठ नाही, फळी नाही, साडेपाच मीटर सुती दोरी आणि तू. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट, त्या फटीत दोरी धरायची. पहिल्या आठवड्यात तिथलं कातडं सोलवटतं. पोरं आईला दाखवतात, आया माझ्याकडे येतात. मी सांगतो, हळद लावा आणि उद्या पाठवा. तिसऱ्या आठवड्यात तेच पोर शेजारच्या पोराला पाय दाखवतं, मेडल दाखवावं तसं. हा तुझा आत्मविश्वास. दुसरा कुठला असतो?”

“दुसरा असतो. सोलवटलेला पाय घेऊन ‘आज नको सर’ म्हणायचा.”

“ते रडगाणं.”

“कधी कधी रडगाणं असतं. कधी कधी नसतं. कुठलं कुठलं ते ओळखणं आपलं काम.”

मग सरांनी दादर काढलं. समर्थ व्यायाम मंदिर, शिवाजी पार्क, १९२५पासूनचं. तिथे उदय देशपांडे सरांनी अंध मुलींना मल्लखांब शिकवला. ते देशपांडे सर, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. “दिसत नाही त्या पोरी दोरीवर चढतात, उलट्या होतात, आसनं करतात. त्यांच्याकडे कुठली गादी दिसते? त्यांना उंचीच दिसत नाही. भीती डोळ्यांत असते, अंगात नसते.”

हे उदाहरण सरांनी आपल्या बाजूने टाकलं होतं. ताईने ते उचलून आपल्या बाजूला ठेवलं. अंध मुलीला शिकवताना तोंडाने ‘असं कर’ म्हणून चालत नाही, तिचा हात आपल्या अंगावर फिरवून आसन दाखवावं लागतं, मग तिच्या अंगाला हात लावून जागा सांगावी लागते, आणि प्रत्येक वेळी आधी विचारून. घाई करताच येत नाही. “तिथे शिकवणाऱ्याला सावकाश व्हावं लागतं म्हणून त्या मुली धीट होतात, सर. आपण डोळस मुलांना तितका वेळ देतो का?”

सरांनी यावर डबीतून सुपारी काढली. ती त्यांची पळवाट आहे.

खरी ठिणगी पडली ती स्प्लिटवरून. सरांच्या काळात, आणि खरं सांगायचं तर आजही पुष्कळ ठिकाणी, पाय पूर्ण उघडत नसतील तर शिकवणारा मुलाच्या पाठीवर वजन टाकतो, नाहीतर मांड्यांवर उभा राहतो. मूल ओरडतं, मग पाय उघडतात. सर म्हणाले, कोवळ्या वयात ते केलं नाही तर पुढे होत नाही.

“कोवळ्या वयात आहे म्हणूनच करायचं नाही,” ताई पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. “हाडाच्या टोकाशी वाढीचा पट्टा असतो, कूर्चेचा. तो हाडाहून मऊ, आणि स्नायू ओढले गेले की ओढ तिथे बसते. मनगटाचंही तेच. हातांवर उभं राहणं, उलट्या उड्या, सगळा भार मनगटावर. दहा-बारा वर्षांच्या मुलीचं मनगट महिनाभर दुखतंय आणि आपण क्रेप बँडेज बांधून सराव चालू ठेवतो, त्यातून ते हाड वाढायचंच वाकडं होऊ शकतं. पाठीचंही तसंच, कमान करून करून कंबरेच्या मणक्याला बारीक तडा जातो. सतत एका जागी दुखतंय म्हणजे कौतुकाची गोष्ट नाही. थांबायचं, डॉक्टरला दाखवायचं.”

“जिम्नॅस्टिक्सने उंची खुंटते म्हणतात ते मग खरं?”

“नाही. ठेंगण्या मुलांना हा खेळ जमतो म्हणून ठेंगणी मुलं पुढे येतात आणि लोकांना वाटतं खेळाने केली. उंची खुंटते ती उपाशी ठेवल्याने.”

उपाशी हा शब्द आला आणि वाद थोडा वेळ थांबला, कारण इथे दोघंही एकाच बाजूला होते. सरांनी चाळीस वर्षं खालापूर तालुक्यातल्या वाड्यांवरची पोरं पाहिली आहेत. ठाकरांची, कातकऱ्यांची. चढण, ओझं, झाड, नदी, सगळ्यात तरबेज, आणि अंगात रक्त नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त, ५४ टक्क्यांच्या आसपास, रक्तक्षयी आढळल्या. ज्या मुलीला पटांगणाच्या तिसऱ्या फेरीत धाप लागते तिला आपण आळशी म्हणतो. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिने मागच्या बाकाखाली टाकलेली असते, कारण ती गिळली की मळमळतं. “जेवून घे म्हटलं की मळमळत नाही,” ताई म्हणाली. तिच्या वर्गात सोमवारी गोळीची चौकशी होते, कोलांटीच्या आधी.

आणि ताकद? मी विचारलं. लोक म्हणतात लहान मुलांनी ताकदीचा व्यायाम करू नये.

“कोणी शिकवणारं नसताना जड वजनं उचलायची नाहीत, एवढंच खरं,” ती म्हणाली. “स्वतःचं वजन उचलायला काय हरकत आहे? जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज तासभर अंग मेहनतीला लावावं आणि आठवड्यातून तीन दिवस तरी स्नायू-हाडं बळकट करणारे व्यायाम करावेत. लहान मुलाचा दंड फुगत नाही, पण ताकद वाढते, कारण मेंदू आणि स्नायू यांची ओळख पक्की होते. अस्वलासारखं चालणं, खेकड्यासारखं चालणं, दांडीला लटकणं. लटकणं तर मुलं विसरलीच आहेत. इमारतीतली मुलगी आली की मी आधी तिला दांडीला लटकवते. दहापर्यंत मोजता येत नाही. वाडीवरचं पोर मी मोजणं विसरून जाईपर्यंत लटकतं.”

“आणि बोलतं?” सरांनी विचारलं.

“नाही. ते बोलत नाही. इमारतीतली बोलते, लटकत नाही.”

हे ऐकून मला वाटलं की माझा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी बांधलेला होता. आत्मविश्वास एकाच प्रकारचा असतो असं धरून आपण विचारतो. वाडीवरच्या मुलाला अंगाचा भरवसा आहे आणि माणसांचा नाही, फ्लॅटमधल्या मुलीचं उलट. दोघांना एकाच रांगेत उभं करून एकच शिट्टी वाजवली तर एकाला कंटाळा येतो आणि दुसरी रडते. ताईने यावर एक साधी गोष्ट केली आहे. जोड्या लावते. आधार द्यायला एकमेकांना. वाडीवरच्या मुलाने त्या मुलीची कंबर धरून तिला हातांवर उभं करायचं, आणि तिने त्याच्यासाठी आकडे मोठ्याने मोजायचे. धरणाऱ्याला बोलावं लागतं, ‘सोडू का?’ म्हणून विचारावं लागतं. दोन महिन्यांत तो पोरगा वर्गभर ओरडत फिरतो, म्हणाली.

सरांनी छत्तीसगडच्या पोरांचं नाव काढलं. नारायणपूरजवळच्या अबुझमाडची आदिवासी मुलं, लाकडी खांबावर शिकली आणि २०२३मध्ये टीव्हीवरची ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकून आली. “आपल्या वाड्यांवर काय कमी आहे? सागवानाचा खांब पुरायला किती खर्च येतो? मध्य प्रदेशने २०१३मध्येच मल्लखांबाला राज्याचा खेळ केलं. जन्म इथला, मान तिकडे.” हे त्यांचं जुनं दुखणं. हिमानी परबला २०२१चा आणि सागर ओव्हळकरला २०२२चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते, पण तक्रार मागे घेतली नाही.

“खांब पुरता येतो, सर. रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी उभं राहणारा माणूस पुरता येत नाही,” ताई म्हणाली. याला सरांकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही.

आता ठाण्याचा विषय. आमच्या इमारतीतल्या आईच्या मनात खरं तेच होतं. ठाण्यात पूर्ण हॉल आहे, बीम आहे, बार आहे, शिकवणारे आहेत. ठाण्याच्याच संयुक्ता काळेने रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये खेलो इंडियात सुवर्णपदकांची रास लावली, ते फोटो त्या आईच्या मोबाइलमध्ये आहेत. कर्जतहून ठाणं लोकलने सव्वा ते दीड तास. खोपोलीकर असाल तर त्याआधी कर्जतपर्यंत यायचं, आणि खोपोलीची गाडी चुकली तर पुढची कधी ते तोंडपाठ असायला लागतं.

मला वाटलं होतं ताई ‘पाठवा’ म्हणेल आणि सर ‘नको’. झालं उलटं.

सर म्हणाले, “पाठवा. इथे राहून काय मिळणार? स्पर्धा खेळली तर दहावीला सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत. दीपा कर्माकर कुठली? आगरताळ्याची. तळपाय सपाट, उपकरणं भंगारातून जुळवलेली. बिश्वेश्वर नंदींनी तिला घडवली, २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टला चौथी. कांस्यपदक दीडशे हजारांश गुणाने हुकलं. घरी बसली असती तर?”

“दीपा आगरताळ्यातच शिकली, सर. तिला रोज तीन तास लोकलमध्ये उभं राहावं लागलं नाही.”

आणि मग ताईने हिशेब मांडला. शाळा सुटते पाचला. साडेसहाला ठाणे. दोन तास सराव. घरी यायला दहा. जेवण कधी, अभ्यास कधी, झोप कधी? आठ वर्षांच्या मुलीला नऊ-दहा तास झोप लागते, आणि स्नायू झोपेत भरून येतात. दमलेलं मूल चुकीचं उतरतं, चुकीचं उतरलेलं मूल मोडतं. “दहा वर्षांपर्यंत इथेच खेळू द्या. सगळं खेळू द्या. दोरी, कोलांट्या, खो-खो, पोहणं. बारा वर्षांची होऊन स्वतः म्हणाली ‘मला बीम पाहिजे’, तर रविवारचं ठाणं. आईने म्हणायचं नाही.”

“तोवर उशीर होतो,” सर म्हणाले. “रुमानियाची नादिया चौदाव्या वर्षी दहापैकी दहा घेऊन बसली.”

“१९७६ साली. आता महिलांच्या मोठ्या गटात सोळा वर्षं पूर्ण होणाऱ्या वर्षाच्या आत उतरताच येत नाही, १९९७पासून. आणि उझबेकिस्तानची चुसोवितिना टोकियोत उतरली तेव्हा छेचाळीस वर्षांची होती. घाई कोणाची आहे, मुलीची की आपली?”

हे बोलणं मला बरंचसं पटलं, पण संपूर्ण नाही. सोळाव्या वर्षी उतरायचं तर आठव्या-नवव्या वर्षी पाया पडलेला लागतो, हे जिम्नॅस्टिक्समध्ये खोटं नाही. कर्जतसारख्या गावात राहून दहाव्या वर्षापर्यंत खेळत राहिलेली मुलगी राष्ट्रीय संघात जाण्याची शक्यता थोडी असते, हे त्या आईला स्पष्ट सांगायला हवं. पण मोडलेली नसेल, आणि तिसाव्या वर्षीही जिना चढताना गुडघ्याला हात लावणार नाही, ही शक्यता खूप असते. दोन्ही सांगून मग निवडायला द्यावं. ताई पहिलं वाक्य जरा हळू आवाजात बोलते.

भीतीवर मात्र ती हळू बोलत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१मध्ये, सिमोन बाइल्सने सांघिक अंतिम फेरीतून मध्येच अंग काढून घेतलं. हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत हे तिला कळेनासं झालं होतं. जगभर लोक म्हणाले, कच खाल्ली. तीच बाइल्स २०२४ला पॅरिसमध्ये सत्ताविसाव्या वर्षी तीन सुवर्णं घेऊन गेली. “नको म्हणता आलं म्हणून पुन्हा हो म्हणता आलं,” ताई म्हणाली. “तिच्याच देशात शेकडो मुलींना संघाच्या डॉक्टरपुढे नको म्हणता आलं नव्हतं. २०१८ साली त्या लैंगिक अत्याचारांबद्दल त्याला शिक्षा झाली, पण किती वर्षांनी? माझ्या वर्गाचं दार उघडं असतं. आया बसतात, बघतात. आधार देताना कुठे हात लावणार ते मी आधी सांगते. मुलीने हात झटकला तर झटकला. याला तुम्ही लाड म्हणता.”

“मी म्हणत नाही,” सर म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “आधी म्हणायचो.”

मुली गळतात त्या बाराव्या-तेराव्या वर्षी. दोघांचाही हा अनुभव. पाळी येते, अंग बदलतं, पोशाख अंगाला चिकटलेला असतो, घरून ‘आता पुरे’ येतं. सरांच्या वेळी ती मुलगी पुढच्या सोमवारी यायचीच नाही, कारण विचारायची सोय नव्हती. ताईने पोशाखाचा नियमच काढून टाकला. लेगिंग आणि अंगाला बसणारा टी-शर्ट. टोकियोत जर्मनीच्या मुली पायघोळ पोशाखात उतरल्या होत्या तो फोटो तिने दाराशी लावलाय, आयांसाठी. नियमात बसतं, हे आयांना फोटोने पटतं.

तेरा वर्षांची एक मुलगी सध्या ताईच्या डोक्यात आहे. रविवारी ठाण्याला जाते. सव्वा मीटर उंच, दहा सेंटीमीटर रुंद बीमवर मागे कमान टाकून उलटायची, सहज. यंदा भराभर उंच झाली आणि एका रविवारी तिला ते जमेनाच. पुढच्या रविवारी बीमवर चढून नुसती उभी राहिली आणि उतरली. जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आलीय.

“करायला लाव,” सर म्हणाले. “एकदा झालं की भीती गेली. बीमवरच घालवायची असते बीमची भीती.”

“हातपाय लांब झालेत तिचे, सर. तिच्या डोक्यात जुन्या लांबीचा हिशेब आहे. तिची भीती बरोबर सांगतेय. मी तिला जमिनीवरच्या रेषेवर आणलंय, तिथून एक फुटाच्या बीमवर, मग वर.”

“आणि स्पर्धा?”

“चुकली तर चुकली.”

“तिला विचारलंस?”

“विचारलं.”

“काय म्हणाली?”

ताई थोडी चाचरली. “म्हणाली, बीमवर नाव नको. दोरीवर द्या.”

सरांनी सुपारीची डबी खिशात टाकली आणि उठलेच. “शनिवारी पाठव. चारला. दोरी मी आणतो.”

“पाठवते. पण तिला ढकलायचं नाही.”

“फॉर्म कोण भरणार?”

“तुम्ही. आणि उतरण्यापासून सुरुवात, सर. ती उंच झालीय, दोरीवरचा हिशेबही बदलला असेल.”

“ते मला सांगू नकोस,” सर म्हणाले, आणि जाताजाता त्या मुलीची आता उंची किती, ते विचारून घेतलं.